मदत हवी आहे: पेसमेकर असताना कंबरेचा एमआरआय, नाशकात कोण करतं?

गोदाकाठी
वडील ७१. कंबरेचा एमआरआय सांगितलाय. काल कॉलेज रोडच्या एका सेंटरने पेसमेकर म्हटल्याबरोबर परत पाठवलं. कार्डावर एमआरआयला चालतो असं स्पष्ट छापलंय! करतं कोण तेवढंच सांगा. घाई आहे, सल्ले नकोत.

कॉइलवाला
कार्डावर पेसमेकरच्या बॉक्सचं मॉडेल असतं, तसं त्यातून हृदयात जाणाऱ्या तारांचंही असतं. दोन्ही इथे लिहा. कधी बसवला? 'चालतो' हा शिक्का बॉक्स आणि तारा मिळून पूर्ण जोडीला असतो. नवा बॉक्स जुन्या तारांवर लावला, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे असले, की शिक्का बाद.

गोदाकाठी
बरीच वर्षं झाली. २०२१ ला फक्त बॅटरी बदलली.

कॉइलवाला
बॅटरी आत सीलबंद असते, त्यामुळे 'बॅटरी बदलली' म्हणजे अख्खा बॉक्स बदलला. तुमचं कार्ड नव्या बॉक्सचं दिसतंय, तारा जुन्या. सेंटरचं चुकलं नाही.

मुंबईनाका
एवढा घोळ कशाला? सीटी करा, दहा मिनिटांत मोकळे. तसंही द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये जास्त वेळ जातो.

कॉइलवाला
सीटीत हाड छान दिसतं, मणक्यातली सरकलेली गादीही बऱ्याचदा दिसते. नस किती दाबली ते एमआरआयइतकं कळत नाही. गोदाकाठी, घाई कशाची ते सांगितलंच नाहीत. लघवी अडकते? बसायच्या जागी बधिरपणा? तसं असेल तर धागा बंद करा आणि आजच स्पाइन सर्जनकडे जा.

गोदाकाठी
तसं काही नाही. उजवं पाऊल वर उचलत नाही, पंधरा दिवस झाले.

कॉइलवाला
म्हणजे नस दाबली असू शकते. हे पहिल्या ओळीत हवं होतं.

येवलेकर
डाई देण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा. जोडवी, हेअरपिना काढा, जरीची साडी नको, जर तापते.

गोदाकाठी
वडील आहेत हो.

किरणमापी
जुन्या तारा म्हणजे अशक्य, असं २०१७ नंतर म्हणू नये. त्या वर्षी छापून आलेल्या मॅग्नासेफ अभ्यासात एमआरआयचा शिक्का नसलेल्या पेसमेकरवर १००० स्कॅन झाले, १.५ टेस्ला ताकदीच्या मशीनवर, छाती सोडून. स्कॅनदरम्यान कोणी दगावलं नाही, एकही तार निकामी झाली नाही.

कॉइलवाला
अर्धंच सांगताय. बॉक्सपासून सुटी करून अंगातच सोडून दिलेली तार असलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. शिवाय तयारी बघा. प्रोग्रॅमर (पेसमेकरची सेटिंग बाहेरून बदलणारं यंत्र) लावून आधी तपासणी. पेसमेकरवरच ठोके चालत असतील तर डीओओ किंवा व्हीओओ मोड, म्हणजे काही न ऐकता ठरल्या वेगाने पेसिंग, कारण मशीनच्या लहरी यंत्राला हृदयाचे ठोके वाटतात आणि ते पेसिंग थांबवतं. ठोके स्वतःचे असतील तर पेसिंग बंद. एसएआर (अंगात शोषली जाणारी मशीनच्या लहरींची ऊर्जा) अंगभर सरासरी २ वॅट प्रति किलोच्या आत, ईसीजी आणि ऑक्सिमीटर चालू. डीफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) मॅग्नेटच्या खोलीबाहेर; वेळ आली तर आधी रुग्ण बाहेर, मग शॉक. नंतर थ्रेशोल्ड (ठोका पडायला लागणारा कमीत कमी करंट), सेन्सिंग (ठोके ओळखणं), इंपिडन्स (तारेचा विद्युतरोध) मोजून मूळ सेटिंग. ते राहिलं तर सगळं मुसळ केरात. म्हणजे हृदयरोगतज्ज्ञ आणि प्रोग्रॅमरवाला दोघं हजर हवेत. 'कुठलं सेंटर' हा नंतरचा प्रश्न.

सातपूरकर
वडील लेथ-ग्राइंडिंगवर होते का? डोळ्यात लोखंडाचा कीस गेला असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे.

गोदाकाठी
अंबडला टर्नर होते, तीस वर्षं. कीस एकदा काढला होता.

सातपूरकर
काढला तरी एक्स-रे कराच. राहिलेला कण मॅग्नेटमध्ये हलला तर डोळा जाऊ शकतो.

कॉइलवाला
त्याच फेरीत छातीचाही काढा. तारा किती आणि कुठे जातात ते मोजा.

गोदाकाठी
दोन्ही काढले. डोळे स्वच्छ. छातीत तारा तीन. दोन बॉक्सला जोडलेल्या, तिसरीचं टोक खांद्याखाली मोकळं. ती कशी आली?

कॉइलवाला
बॉक्स बदलताना खराब तार बऱ्याचदा काढत नाहीत, टोपी लावून तशीच सोडतात. मोकळी तार अँटेनासारखी वागते, टोक तापून हृदयाचा स्नायू भाजू शकतो. साधारण सेंटरवर हे करून घेऊ नका, आणि स्कॅन मिळावा म्हणून तार लपवू तर अजिबात नका. सर्जनला हीच फिल्म दाखवून सीटी मायलोग्रामचं (मणक्याच्या पोकळीत डाई सोडून केलेल्या सीटीचं) विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे सर्जन आणि हृदयवाल्यांनी मिळून ठरवायचं, मनाने बंद करू नका.

मुंबईनाका
म्हणजे सीटीच ना शेवटी.

कॉइलवाला
मणक्यात सुई टोचून. दहा मिनिटांत नाही.