चर्चा: भीतीची इंग्रजी विशेषणं यादी करून पाठ करावीत का?

औसेकर:
लातुरात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या वह्यांत एक यादी फिरते. फ्रायटनिंग, टेरिफिक, फॉर्मिडेबल, डॉन्टिंग, इंटिमिडेटिंग, मेनेसिंग, ऑमिनस. सगळ्यांसमोर मराठी अर्थ एकच, ‘भयानक’. माझं मत, ही यादी फाडून टाकावी.

मेनेसिंग म्हणजे समोरच्याचा इरादा वाईट दिसतोय. ऑमिनस म्हणजे अजून काही झालेलं नाही, पण लक्षण ठीक नाही. डॉन्टिंग हे बहुधा कामाला लावतात. 720 मार्कांच्या नीटचा अभ्यासक्रम बघून छाती दडपते, तसं. फॉर्मिडेबल बघायचं तर दौलताबादला जा. तासलेला कडा, खडकात खोदलेला खंदक, वर जायच्या वाटेवर अंधारी, म्हणजे काळोखं भुयार. वेढा घालणाऱ्यानं हात टेकावेत अशी सोय. आज सहलीची पोरं तिथं हुंदडतात, कुणी भीत नाही, तरी शब्द त्या किल्ल्याला अजून शोभतो. त्याला ‘भयानक किल्ला’ म्हणाल का?

गंगाखेडचा बाब्या:
सर, तुमचं बरोबर असंल, पण आम्हाला पेपर द्यायचाय. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर परीक्षेत पहिल्या टप्प्याला 100 प्रश्न, 60 मिनिटं. त्यातले 25 इंग्रजीचे. एक चुकला की अर्धा मार्क गेला. तिथं खंदक आठवत बसू का? शब्द दिसला की जोडीचा शब्द डोळ्यापुढं आला पाहिजे. बारकावे नोकरी लागल्यावर बगू.

औसेकर:
त्याच पेपरात रिकाम्या जागाही भरायच्या असतात. चारही पर्याय तुझ्याच यादीतले आले तर?

गंगाखेडचा बाब्या:
सोडून द्यायचा तो प्रश्न. सगळेच सोडतात.

उदगीरची बाई:
मी शाळेत शिकवते. यादीवरून भांडण्याआधी पोरांची वाक्यं बघा. ‘आय ॲम फ्रायटनिंग’ असं लिहायलेत, म्हणजे मीच लोकांना घाबरवतो! याचं मूळ मराठीत आहे. आपण ‘मला भीती वाटते’ म्हणतो. वाटणारी ती भीती, मी आपला ‘मला’ होऊन बाजूला. इंग्रजीत ‘मी’ला पुढं यावंच लागतं आणि मग ठरवावं लागतं, घाबरवणारा कोण आणि घाबरलेला कोण. घाबरवणाऱ्याला ‘इंग’, घाबरलेल्याला ‘एड’. फिअरफुल तर दोन्हीकडं चालतो, त्याच्या वाटेला मी आठवीपर्यंत जातच नाही. एवढं पक्कं झालं तर बाब्याची यादी निदान कामाला येईल.

गोदाकाठ:
औसेकर, तुमचा राग चुकीच्या रकान्यावर आहे. इंग्रजी शब्दांचं काय चुकलं? समोर एकच ‘भयानक’ लिहिणाऱ्याला मराठी येत नाही, ही खरी अडचण. आजोबांचा धाक असतो, फौजदाराचा वचक असतो, एखाद्या खमक्या हेडबाईंचा दरारा असतो आणि गुंडाची दहशत. धाकात माया असू शकते, दहशतीत नाही. इंग्रजी मात्र आजोबा, फौजदार, हेडबाई आणि गुंड या चौघांनाही ‘इंटिमिडेटिंग’ म्हणून मोकळं होतं. गीतेच्या 11व्या अध्यायात अर्जुन विश्वरूपाला एकाच श्लोकात ‘अद्भुत’ही म्हणतो आणि ‘उग्र’ही. आपल्याकडं एवढा साठा असताना कामून त्यांच्या विशेषणांचे लाड करायचे?

औसेकर:
साठा आहे, मान्य. पण तुमचे चारही शब्द नामं आहेत. दरारा ‘असतो’, वचक ‘बसतो’. इंग्रजीत तीच गोष्ट त्या माणसाच्या विशेषणात जाते, आणि तिथं आणखी एक गोम आहे. मुलाखत घेणाऱ्या मॅडम इंटिमिडेटिंग होत्या म्हटलं, तर त्यांनी दम दिला असा अर्थ होत नाही. त्या हसून बोलल्या असतील, आपणच बावचळलो असू. क्रियापद केलं की मात्र मामला फिरतो. साक्षीदाराला ‘इंटिमिडेट’ केलं म्हणजे धमकावलं, तो गुन्हा. यादीत हा फरक कुठं लिहिणार?

किल्लारी रोड:
यादीचा एक प्रताप मीही सांगतो. आमच्याकडं एका पोरीनं भूकंपावर इंग्रजी निबंध लिहिला. पहिलंच वाक्य, 1993 चा भूकंप टेरिफिक होता. यादीत होता, तिनं वापरला. सतराव्या शतकात त्याचा अर्थ खरंच ‘भय निर्माण करणारा’ असा होता, पण आज तो ‘झकास’ म्हणून चालतो. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली, 10 हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि पोरगी लिहिते झकास. तिला काय बोलणार? यादी करणाऱ्याला बोला.

गंगाखेडचा बाब्या:
दादा, ते वाईटच झालं. पण आपण तरी काय वेगळं करतो? ‘खतरनाक भाषण ठोकलं’, ‘सिनेमा भयंकर आवडला’ म्हणतोच की.

किल्लारी रोड:
म्हणतो, कट्ट्यावर. अर्जात लिहितोस का, ‘मला या पदाची भयंकर आवड आहे’?

उदगीरची बाई:
अर्जात लिहिणारेही भेटलेत मला.

गोदाकाठ:
मी माझ्या मतावर ठाम आहे. आधी मराठी रकाना दुरुस्त करा, मग इंग्रजीचं बघू.

गंगाखेडचा बाब्या:
रकाना तुम्हीच भरून द्या काका, मी झेरॉक्स काढून वाटतो. टेरिफिक आत्ताच खोडला. बाकीची यादी मी फाडत नसतो, रविवारी टेस्ट आहे.