मदत हवी आहे : युवा कार्य प्रशिक्षणाचा अनुभव सरकारी भरतीत धरला जातो का?

नमस्कार. माझ्या पुतणीने 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून नागपूर जिल्ह्यातील एका सरकारी कार्यालयात आधी सहा आणि मुदतवाढीनंतर आणखी पाच, असे अकरा महिने काम केले. पदवीधर असल्याने तिला दरमहा 10,000 रुपये विद्यावेतन मिळत होते; मात्र आवक-जावक नोंदवही आणि अर्जांची छाननी ही कामे ती ज्या टेबलावर करीत असे, ते लिपिकाचे टेबल तिच्या आधी रिकामेच होते आणि आता पुन्हा रिकामे झाले आहे. (माणूस शिकवून तयार करायचा आणि तयार झाला की घरी पाठवायचा, हे गणित मला तरी उमगत नाही.)

सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उमादेवी निकालानंतर नियमित निवडप्रक्रियेवाचून सेवेत कायम होता येत नाही, हे आम्ही जाणतो; तशी आमची मागणीही नाही. परंतु शिकाऊ उमेदवार कायदा, 1961 खाली प्रशिक्षण घेतलेल्यांना, इतर बाबी समान असल्यास, थेट भरतीच्या उमेदवारांपेक्षा प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये म्हटले होते. त्याच आधारावर या योजनेतील प्रशिक्षणार्थींपैकी कोणी नागपूर खंडपीठात दाद मागितली आहे का? जिल्हा परिषदेच्या भरतीत कागदपत्र पडताळणीच्या वेळी या योजनेतील प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र कोणी सादर केले असल्यास काय अनुभव आला, तेही कृपया सांगावे. संबंधित शासन निर्णयाचा क्रमांक मिळाल्यास फार उपकार होतील, कारण तिच्या हातात वयोमर्यादेची थोडीच वर्षे उरली आहेत.