उधारी हसत मागावी का?

गल्ला: 'धंद्याचा ताण घेऊ नका, हसत राहा, उधारीही हसतच मागा' ही पोस्ट कालपासून फिरतेय. मला ती साफ चुकीची वाटते. विनोदाची जागा माल देण्याआधी. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी चालते, कारण ती सगळ्यांसाठी असते, कुणा एकाला बोचत नाही. माल गेल्यावर 'साहेब, आमच्या बिलाचा वाढदिवस आला' असा मेसेज टाकलात की समोरून हसरा चेहरा येतो आणि विषय संपतो. त्यात ना बिल नंबर, ना तारीख, ना रक्कम. वसुलीच्या दाव्याची मुदत ३ वर्षं. ती संपायच्या आत समोरच्याने लेखी, सहीनिशी बाकी मान्य केली तर पुढे नवीन ३ वर्षं मिळतात. दर ३१ मार्चला खातेउतारा पाठवा, सही-शिक्का घ्या.

वाणसामान: सही-शिक्का कारखानदाराला ठीक. वहीवर महिन्याचा किराणा नेणाऱ्या घराला खातेउतारा धाडलात तर ते गिऱ्हाईक उद्या समोरच्या दुकानात दिसेल. तिथे चेष्टेतच आठवण द्यावी लागते. फक्त दुकानात गर्दी नसताना, पगाराच्या आठवड्यात. चारचौघांत केलेली चेष्टा हा अपमान असतो, आणि मग पैसेही जातात, माणूसही.

लेथमशीन: चेष्टा कशाला आणि आर्जवं कशाला? २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा कायदा आहे. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे, असेल तरी जास्तीत जास्त ४५. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. शिवाय २०२३-२४ पासून आयकरात ४३बी(एच) हे कलम आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च, पैसे देईल त्या वर्षीच वजा मिळतो. उद्यम नंबर, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा नंबर, बिलावर छापा, एवढं पुरे.

वाणसामान: अर्धी माहिती देऊ नका! व्यापाऱ्याला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते ती प्राधान्य क्षेत्रातल्या, म्हणजे बँकांनी ठरावीक वाटा द्यायचाच अशा, कर्जापुरती. हे ४५ दिवस आम्हाला नाहीत. असल्या सल्ल्यावर विसंबून दुकानदार माल सोडतात.

लेथमशीन: व्यापाऱ्यांचं मान्य, ते लिहायला हवं होतं. ४३बी(एच) सुद्धा सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरतंच आहे, मध्यम त्यात येत नाहीत. पण जीएसटीचा नियम तुम्हालाही उपयोगी आहे. १८० दिवसांत बिल चुकतं केलं नाही तर नोंदणीकृत खरेदीदाराला त्या बिलावर घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, व्याजासह परत करावं लागतं. हे १५० व्या दिवशी लेखी कळवा.

गल्ला: आणि आपण? महिन्याचं रिटर्न असेल तर २० तारखेला जीएसटी भरून मोकळे. बिल बुडालं तरी तो कर परत नाही. या रागावर हसा म्हणणाऱ्याने आधी वही बघावी.

पोळीभाजी: सगळे वसुलीतच अडकलात. मूळ पोस्ट ताणाबद्दल होती आणि तेवढ्यापुरती ती बरोबर आहे. दुपारी १२ ते २ भटारखान्यात गंमत नको. ऑर्डर ओरडायची, आचाऱ्याने ती जशीच्या तशी परत म्हणायची. मध्ये कुणी टोमणा मारला की दोन प्लेटांची अदलाबदल ठरलेली. अडीचला झाकपाक झाल्यावर मात्र मालकाने हसून बोलावं, पोरं टिकतात. पगार लांबला असेल त्या दिवशी तेही नको. तारीख सांगा, निम्मी रक्कम हातात ठेवा.

गल्ला: अडीचनंतरचं हसणं मान्य. वसुलीचं नाही.