‘हेरिटेज यादी फाडून टाका’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

ठाकूरद्वार_नाका (धागाकर्ता)

परवा ‘टॉवरवासी’ यांनी इथे लिहिलं की मुंबईची हेरिटेज यादी हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा छंद आहे, त्यापायी गिरगाव-काळबादेवीची माणसं टेकू लावलेल्या जुन्या चाळींत मरतायत, तेव्हा सीएसएमटीसारख्या पाच-दहा इमारती ठेवा आणि बाकी यादी फाडून टाका. खाली ‘शंभर टक्के सहमत’ची रांग लागली. तिथे दोन ओळी खरडून भागणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

टेकू आणि यादी यांची जी गाठ मारली आहे, तीच मुळात चुकीची आहे. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तेव्हा शहरात १९,६४२ उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारती होत्या. १९९५ मध्ये बांधकाम नियमावलीच्या नियम ६७ खाली झालेल्या हेरिटेज यादीत नोंदी होत्या ६३३, आणि त्यात फ्लोरा फाउंटन आणि बाणगंगेचा तलावही आला. बाकीच्या हजारो चाळींना कुणी हेरिटेज म्हटलं नव्हतं. त्या का नाही दुरुस्त झाल्या? २०१७ मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, तीसहून जास्त माणसं गेली. ती तर क्लस्टर पुनर्विकासात होती, म्हणजे पाडून टॉवर बांधण्याच्याच रांगेत. तिथे कोणत्या वारसा समितीने हात धरला होता?

आणि १९९९ मध्ये सरकारने नियम बदलून ग्रेड तीनच्या (यादीतल्या सगळ्यात खालच्या श्रेणीच्या) उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास वारसा समितीच्या परवानगीतून वगळला, हे टॉवरवासींना ठाऊक नसावं. सामान्य माणूस राहतो ती चाळ यादीत असलीच तर बहुतेक वेळा ग्रेड तीनच. तिला समिती अडवत नाही.

माझी यादीबद्दलची तक्रार वेगळी आहे. यादीत नाव आलं की मालकावर बंधन येतं, पैसा येत नाही. न वापरलेल्या एफएसआयच्या (प्लॉटवर बांधता आलं असतं त्या क्षेत्रफळाच्या) बदल्यात टीडीआर, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करण्याचा विकता येणारा हक्क, देण्याची तरतूद नियमात पहिल्यापासून आहे. पण वाडीतल्या चार खणांच्या घराचा मालक ती फाईल घेऊन कुठे कुठे फिरणार? ऑपेरा हाउस १९९३ ला बंद पडलं आणि २०१६ ला पुन्हा उघडलं, कारण मागे गोंडलचं राजघराणं होतं. आमच्या गल्लीमागे कुणी राजा नाही. यादी ठेवा आणि तिच्याबरोबर पैसा पाठवा, एवढंच माझं म्हणणं.

टॉवरवासी

६३३ नोंदी म्हणजे ६३३ इमारती नव्हेत. त्यात अख्ख्या वस्त्या एकेका नोंदीत बसवल्यात. खोताची वाडी ही एक नोंद, आत घरं किती आहेत ते जाऊन बघा. आकडा लहान दिसावा म्हणून असा वापरू नका.

आणि २०१२ विसरलात? आणखी ९४८ नावांची यादी काढली, त्यात शिवाजी पार्कचा परिसर घातला. तिथली मराठी मध्यमवर्गीय माणसं रस्त्यावर उतरली, कारण आपल्या घराचं आता काय होणार हे कुणाला विचारलंच नव्हतं. पेपरात यादी वाचून माणसाला कळतं की त्याचं घर आजपासून ‘वारसा’ आहे. असा कारभार असेल तर लोक विरोध करणारच.

ठाकूरद्वार_नाका

वस्त्यांचा मुद्दा बरोबर, तेवढा मान्य. तरी १९,६४२ च्या पुढे यादीचा आकडा थोडकाच राहतो. २०१२ ला आधी रहिवाशांशी बोलायला हवं होतं, यावर माझं तुमचं भांडण नाही.

आंग्रेवाडी_दुसरा_माळा

तुम्ही दोघं आकडे मोजताय. आमची चाळ लाकडी आहे, तळमजला अधिक तीन. गॅलरीला टेकू लागले तेव्हा मी शाळेत होते. आता माझी मुलगी शाळेत जाते आणि येता-जाता त्याच टेकूंना दप्तर घासतं. संडास गॅलरीच्या टोकाला. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, रात्री तिला सात दारं ओलांडून धरून न्यावं लागतं. पावसाळ्यात ताडपत्री फाटली की गॅलरीत पाणी साचतं आणि शेवाळ धरतं.

एक बिल्डर आला होता. कागद बघितले आणि म्हणाला, शेजारची वाडी हेरिटेज प्रिसिंक्ट, म्हणजे अख्खी वस्तीच यादीत, इथे उंची मिळणार नाही, मला परवडत नाही. गेला तो गेलाच. समिती अडवत नाही म्हणता ना? अडवायची गरजच पडत नाही. नावानेच माणसं पळतात.

ठाकूरद्वार_नाका

ताई, तुमचे हाल मी नाकारत नाही. पण बिल्डरला प्लॉट लहान वाटला, भाडेकरू जास्त वाटले, फ्लॅटचा भाव बसला नाही, तरी तो ‘हेरिटेज’ म्हणूनच निघून जातो. त्याने हे लेखी दिलं होतं का?

आंग्रेवाडी_दुसरा_माळा

लेखी? आमच्याकडे बिल्डर चहा पिऊन जातो, लेखी देत नाही. आणि मी खोटं बोलतेय असं सुचवायचं असेल तर सरळ म्हणा.

वाडीचा_मालक

इतका वेळ वाचत होतो, आता बोलतोच. सगळे भाडेकरूंचे हाल सांगतायत. मालकाचं कुणी विचारतं का?

१९४७ च्या कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या दरावर गोठवलं. माझ्या आजोबांनी बांधलेल्या इमारतीत आज एका खोलीचं महिन्याचं भाडं दोघांच्या वडापाव-चहाइतकं येत नाही. त्यातून जिना दुरुस्त करू? कौलं बदलू? आणि वरून ती ग्रेड तीनच्या यादीत, म्हणजे खिडकी बदलायची तर लाकडी हवी, गॅलरीचा कठडा जुन्या नक्षीचा हवा. एका कठड्याच्या सुताराचं बिल माझ्या वर्षभराच्या भाड्याहून जास्त आलं होतं. हेरिटेज, हेरिटेज करणाऱ्यांनी आधी भाडेनियंत्रण कायद्यावर बोलावं. इमारती वाळवीने खाल्ल्या नाहीत, या कायद्याने खाल्ल्या.

आंग्रेवाडी_दुसरा_माळा

आणि पागडी? खोली भाड्याने देताना मालक एकरकमी घेतो ते पैसे? माझ्या वडिलांनी खोली घेतली तेव्हा आईचे दागिने गहाण पडले होते. बाजारभावाच्या जवळपास रक्कम मोजली. खोली विकायची तर मालकाला तिसरा हिस्सा, नाहीतर तो भाडेपावती नव्या माणसाच्या नावावर करत नाही. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तर पागडी घेणं राजरोस कायदेशीर केलं. ते पैसे कुठे गेले? त्यातला एक रुपया जिन्यावर लागला का?

वाडीचा_मालक

पागडी माझ्या आजोबांनी घेतली, मी नाही. आणि तिसरा हिस्सा कधी मिळतो? खोली विकली तर. माझ्या इमारतीत कित्येक वर्षांत एक विकली गेली. बाकीच्यांची दारं बंद, कुलपं लावून भाडेकरू डोंबिवलीला आणि ठाण्याला स्वतःच्या फ्लॅटात राहतात. टॉवर होईल या आशेने पावती तेवढी चालू.

आंग्रेवाडी_दुसरा_माळा

आम्ही कुलूप लावून कुठे गेलेलो नाही. दुसऱ्याचं आमच्या माथी मारू नका.

दोन_खणी

अवांतर होतंय, पण मालकांना एवढं सांगा की १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ घ्यायची मुभा आहे. किती मालक दरवर्षी ती मागतात? मागत नाहीत, कारण भाडं वाढलं की दुरुस्ती मागायला भाडेकरूचं तोंड उघडतं. पडू दे इमारत, रिकामी जमीन मिळेल, हा हिशेब मी तीन पिढ्या बघतोय.

वाडीचा_मालक

४ टक्के कशाचे? चाळीस रुपयांचे? वर्षाला १ रुपया ६० पैसे. ते मागायला माणूस पाठवला तर त्याचं बसभाडं सुटत नाही. ‘पडू दे इमारत’ हा आरोप मात्र मागे घ्या. माझी आई त्याच इमारतीत तळमजल्यावर राहते.

दोन_खणी

तुमच्याबद्दलचा मागे घेतो. बाकीच्यांबद्दल नाही.

चुनखडी

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. वर सगळे मालक-भाडेकरू करत बसलेत, इमारत नेमकी कुठून मरते ते कुणी बोलत नाही.

चाळीतला सागवानी वासा शंभर-सव्वाशे वर्षं मधल्या भागात ठणठणीत असतो. हातोडीने वाजवून बघा, खणखणीत आवाज येतो. कुजतं ते टोक, भिंतीत शिरतं तिथे. आणि कुठल्या भिंतीत? जिथे मोरी आहे, जिथून संडासाचा पाइप उतरतो. मोरीच्या फरशीखालून पाणी झिरपतं, वाशाचं टोक ओलं राहतं, वीतभर लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं होतं आणि इंजिनीअर अख्खी इमारत अतिधोकादायक लिहून मोकळा होतो. ते वीतभर टोक कापून नवं सागाचं जोडता येतं, दोन बाजूंनी पट्ट्या ठोकून.

कंत्राटदार काय करतो? वासा काढून लोखंडी गर्डर घालतो आणि चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा फासतो. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, भिंत आतून भिजत राहते. समुद्राच्या खाऱ्या हवेत गर्डर गंजतो, फुगतो, भिंत फोडतो. दहा पावसाळ्यांत जुन्यापेक्षा वाईट. मग म्हणायचं, बघा, जुनी इमारत टिकत नाही. सरकारी दुरुस्तीच्या दरपत्रकात चुना आणि सुतारकाम नीट बसवा, निम्म्या चाळींचे टेकू निघतील.

टॉवरवासी

निम्म्या? हे कशावरून? आणि दुरुस्त झाली तरी संडास गॅलरीच्या टोकालाच ना?

चुनखडी

निम्म्या हा माझा अंदाज, हातातल्या कामांवरून. संडास घरात आणता येतो, मागच्या बाजूने एक खण, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेएवढा भाग, वाढवून. ग्रेड तीनमध्ये त्याला मनाई नाही. मी केलंय.

लालबागचा_पोर

तुमचं सगळं गिरगाव ते फोर्ट. २०१८ ला युनेस्कोने ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारती जागतिक वारसा यादीत घेतल्या, एका बाजूला साहेबाचं गॉथिक, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको. छान. या शहराचा पैसा ज्यांच्या हातांनी उभा राहिला त्या कापडगिरण्यांच्या गिरणगावाचं काय? गिरण्यांच्या जागी मॉल आले, गिरण्यांची धुराडी एकेक करून गेली. परळच्या ज्या बीआयटी (इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेल्या) चाळीत बाबासाहेब राहिले, ज्या केशवजी नाईक चाळीत १८९३ ला सार्वजनिक गणपती बसला, त्या खोल्यांचं महत्त्व एखाद्या बँकेच्या घुमटापेक्षा कमी आहे का? वारसा कोणाचा, हे ठरवणाऱ्या टेबलावर कामगाराचा पोर कधी बसला?

टॉवरवासी

मग बीडीडी (ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या) चाळी पाडल्या तेव्हा तुम्ही रडलात का? वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांचा फ्लॅट. विचारा त्यांना, चाळ परत हवी का.

लालबागचा_पोर

माझी आत्याच वरळीच्या बीडीडीत वाढली, मला विचारायची गरज नाही. ५०० फूट मिळालेच पाहिजेत, त्यावर वाद नाही. पण दोनशेच्या आसपास इमारती होत्या, चार ठिकाणी मिळून. त्यातली एक, फक्त एक, पूर्ण जशीच्या तशी जपा म्हणणारा माणूस वेडा ठरतो आणि ओव्हलवर लिफ्टची जाळी बदलली तरी बैठक बसते. हे मला सलतं.

मळ्यातली_मावशी

पणजीहून लिहिते. आमचं फोंतेन्हास, ही जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती, जपलंय म्हणून तुम्ही सगळे कौतुक करता. जपलं ते खरं, रंग दिलेत, बाल्कन्या शाबूत. पण सकाळी दार उघडलं की पायरीवर कुणीतरी फोटोला बसलेलं. एक जोडपं लग्नाचं शूटिंग करायला आमच्या सोप्यातच शिरलं होतं. म्हातारी माणसं खिडक्या लावून बसतात. घरं जपण्याचे नियम आहेत, घरातल्या माणसांसाठी काय आहे? तुमच्या खोताच्या वाडीचं असं होऊ देऊ नका.

चुनखडी

यादीत असणं पुरत नाही याचं सगळ्यात मोठं उदाहरण काळाघोड्याला उभं आहे. एस्प्लनेड मॅन्शन, जुनं वॉटसन हॉटेल. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) सांगाडा, १८६० च्या दशकातला, ल्युमिए बंधूंचा सिनेमा १८९६ च्या जुलैमध्ये तिथे दाखवला. ग्रेड दोन अ. जागतिक स्मारक निधीच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीतही नाव. आणि झालं काय? २००५ मध्ये एक भाग कोसळून माणूस गेला, २०१९ ला इमारत रिकामी केली, आयआयटीच्या अहवालाने पाडा म्हटलं, जपणाऱ्यांनी पाडू नका म्हटलं. इतकी वर्षं मालक, भाडेकरू आणि सरकार एकमेकांकडे बोट दाखवत राहिले.

टॉवरवासी

म्हणजे मी जे म्हणतोय तेच.

ठाकूरद्वार_नाका

तुम्ही यादी फाडा म्हणताय. वॉटसन यादीत नसतं तर पाडा की जपा हा वादसुद्धा झाला नसता. मी पैसा जोडा म्हणतोय. टीडीआर विकून आलेली रक्कम स्वतंत्र खात्यात जावी, दुरुस्ती पूर्ण झाल्याशिवाय मालकाला हात लावता येऊ नये आणि खात्यावर भाडेकरूंच्या प्रतिनिधीची सही असावी. छोट्या घरांची फाईल वॉर्ड ऑफिसने स्वतः तयार करावी.

वाडीचा_मालक

म्हणजे हक्क माझा, सही त्यांची. आवडलं नाही. पण आज माझ्या हातात शून्य आहे आणि आईला तळमजल्यावरून हलवायची माझी ऐपत नाही. दुरुस्तीनंतर उरलेली रक्कम माझी असेल आणि ती अट कागदावर असेल तर मी सही करीन.

आंग्रेवाडी_दुसरा_माळा

आमचा मालक तुमच्याइतकंसुद्धा बोलत नाही. रविवारी चाळीची बैठक आहे, त्यात हे मांडते. टॉवर मिळाला तर मी टॉवरच घेईन, हे आधीच सांगते. पण तोवर दुरुस्ती होणार असेल तर पहिला पैसा मोरी आणि संडासावर लागला पाहिजे, कठड्याच्या नक्षीवर नंतर. चुनखडी, मागच्या बाजूने खण वाढवायला आमच्या मजल्यावर साधारण किती खर्च येईल ते व्यक्तिगत निरोपात कळवा.