गरिबी मुलांना जबाबदार करते?

जि.प.मास्तर
परवा इथं कुणी लिहिलं, ‘आमच्या कामवाल्या मावशींची सहावीतली लेक अख्खं घर सांभाळते, आमचे चिरंजीव दप्तरही भरत नाहीत. गरिबीच जबाबदारी शिकवते.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. बीड जिल्ह्यात १४ वर्षं शिकवतोय. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले, त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे कोयते, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी, गाव सोडतात. मागं राहिलेली पोरगी भाकरी थापून, धाकट्याला आंघोळ घालून, आजीला गोळी देऊन शाळेत येते. गृहपाठ कुठून होणार? पहिल्याच वर्षी अशा मुलीच्या प्रगतिपुस्तकात मी ‘जबाबदारीची जाणीव कमी’ असा शेरा मारला होता. अजून टोचतो.

कोथरूडची आई
ती पोस्ट माझीच. कौतुकच केलं होतं, एवढा राग का? मी चाळीत वाढले, पहाटे पाणी भरायची पाळी माझी असायची. त्यानं माझं काही बिघडलं नाही.

रिक्षावाला बाप
ताई, तुम्ही पाणी भरून अभ्यासाला बसत होता. आमचा पोरगा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या, २५ टक्के जागांतून इंग्रजी शाळेत आहे. पालकसभा सकाळी अकराला, ऐन धंद्याच्या वेळी. गेलो नाही, तर बाईंनी त्याला वर्गात सुनावलं, ‘तुझ्या घरच्यांना काळजीच नाही.’ आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं काय केलं? एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीला या प्रवेशांतून सूट! जुलैत हायकोर्टानं ते रद्द केलं, तोवर वस्तीतली पोरं ताटकळली.

शाळेचा हिशेबनीस
शाळांची बाजूही ऐका. या मुलांच्या फीपोटी सरकारनं द्यायचे प्रतिपूर्तीचे पैसे वर्षानुवर्षं थकतात. शिक्षकांचा पगार कशातून द्यायचा?

रिक्षावाला बाप
ते सरकारकडे मागा! माझ्या पोराला सहलीतून वगळून वसूल करताय का?

शाळेचा हिशेबनीस
आमच्याकडे असं होत नाही. सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. थकबाकीचा राग मुलांवर निघू नये, एवढं मान्य.

जि.प.मास्तर
मूळ मुद्द्यावर या. ज्या वर्षी गावात, मागं राहिलेल्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं, त्या वर्षी एका मुलीला दोन वेळचं आयतं जेवण मिळालं. महिन्याभरात तिची वही पूर्ण. पोरगी तीच, घरही तेच.

कोथरूडची आई
बरं, ‘गरिबीच शिकवते’ हे मागे घेते. पण मुलांना घरकाम लावूच नये, हे मला पटणार नाही. काल चिरंजीवांनी स्वतःचा डबा घासला. रडत घासला, पण घासला.