स्टँडस्टिल नसलं तरी बिड अडकते

अमेरिकेत दुसरी कंपनी ताब्यात घ्यायला बोली (बिड) लावली की शेअर बाजाराची नियामक संस्था एसईसी माहिती उघड करायला (डिस्क्लोजर) लावते. म्हणून कोणी विचारेल, "एसईसीनेच डिस्क्लोजर मागितलंय, मग माहिती उघड केली म्हणून कोर्ट बिड कसं अडवेल". अहो, अगदी हेच झालंय अमेरिकेत. मार्टिन मरिएटा आणि व्हल्कन, दोन्ही खडीवाल्या कंपन्या. 2010 मध्ये गोडीगुलाबीने मर्जरची बोलणी चालू होती तेव्हा एनडीए (माहिती गुप्त ठेवायचा करार) झालं, त्यात स्टँडस्टिल (ठरावीक काळ समोरच्या कंपनीवर बोली लावायची नाही ही अट) नव्हतंच. गंमत म्हणजे गुप्ततेचा आग्रह मार्टिनचाच, कारण तेव्हा त्यांनाच धास्ती की आपल्याला कोणी गिळेल. मग वारं फिरलं आणि डिसेंबर 2011 मध्ये मार्टिननेच व्हल्कनवर होस्टाइल ऑफर (संचालकांच्या मर्जीविरुद्ध, थेट भागधारकांना) टाकली, सोबत बोर्डावर आपली माणसं बसवायला प्रॉक्सी लढाई (भागधारकांची मतं गोळा करायची चढाओढ), आणि एसईसीच्या फायलिंगमध्ये त्या खाजगी बोलण्यांचा सगळा पाढा वाचला.

बचाव काय, तर कायद्याने आवश्यक असेल तर सांगता येईल असं करारातच आहे. डेलावेअर राज्याचे तेव्हाचे चॅन्सलर (तिथल्या कंपनी-खटल्यांच्या कोर्टाचे मुख्य न्यायाधीश) स्ट्राइन यांचं म्हणणं असं की ते समन्ससारखी बाहेरून मागणी आली तर, स्वतःच ऑफर काढायची आणि मग एसईसीचा फॉर्म भरावा लागतो म्हणून हात वर करायचे हे नाही चालणार. शिवाय फॉर्मला लागतं त्याहून जास्तच सांगून बसलेले. मे 2012 मध्ये ऑफर आणि प्रॉक्सी लढाई दोन्हींवर चार महिन्यांचा मनाई हुकूम! ऐकायला किरकोळ वाटतं, पण व्हल्कनची एजीएम (वार्षिक सभा, जिथे संचालक निवडले जातात) 1 जूनला होती, म्हणजे त्या वर्षापुरता खेळ खलास. डेलावेअरच्या सुप्रीम कोर्टातही तेच कायम राहिलं. नुसती नुकसानभरपाई असती तर मार्टिनने ती भरून पुढची चाल केली असती असं मला तरी वाटतं.