मदत हवी आहे: बोटीचे पाण्याखालचे एलईडी दिवे पाच मिनिटांत बंद पडतात, कोजागिरीला १२ दिवस उरलेत

रामबाग_इंदूर
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. आमच्या बोटीला मागच्या फळीवर पाण्याखाली राहतील असे चार एलईडी दिवे बसवले आहेत. हिरवे, प्रत्येकी २७ वॉट. लावले की मस्त पेटतात, पण चार-पाच मिनिटांत मंद होतात आणि मग बंद. दहा मिनिटं थांबलं की परत पेटतात, परत तेच. बॅटरी नवी आहे, पूर्ण चार्ज आहे. दुकानदार म्हणतो वायरिंग चुकलंय. महाराणी रोडवरून इलेक्ट्रिशियन आणला, तो म्हणतो दिवेच खराब आहेत. दोघांच्या मध्ये मी अडकलोय.
आईला यंदा पंचाहत्तर पूर्ण होताहेत. कोजागिरीचं दूध हनुवंतियाजवळ बॅकवॉटरवर, बोटीत बसून प्यायचं असं सगळ्या भावंडांनी ठरवलंय. पुण्याहून, बडोद्याहून माणसं येताहेत. ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी नेमका उपाय सांगा.

फिटर_देवास
वायर किती एमएमची? लांबी किती? फ्यूज आहे का, कुठे? १२ व्होल्ट की २४? बोट फायबरची की अल्युमिनियमची? हे काहीच लिहिलेलं नाही, उपाय कशावर सांगायचा?

मिरकरवाडा
आमच्या मासेमारीच्या बोटीवर असंच व्हायचं. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू आले की एक दुसऱ्याला खातो. दिव्याची बॉडी ब्राँझची असेल तर शेजारी जस्ताचा ठोकळा लावा. तो झिजतो, दिवा वाचतो. आधी हे करा.

रामबाग_इंदूर
अहो, हनुवंतिया म्हणजे इंदिरा सागर धरण, नर्मदेचं गोडं पाणी. समुद्राचा काय संबंध? बोट फायबरची, १६ फुटी. १२ व्होल्ट. बॅटरी पुढच्या सीटखाली आहे, कारची, ६० एएच. वायर कडेकडेने मागे नेली आहे, सात मीटर असेल. घरातल्या दिव्यांना वापरतो तीच, एक एमएमची, चांगल्या कंपनीची आहे. त्यात काही दोष नाही.

फिटर_देवास
दोष तिथेच आहे. घरात २३० व्होल्टवर तेवढ्याच वॉटला अर्धा अँपिअरही लागत नाही, म्हणून ती वायर पुरते. इथे चार दिवे म्हणजे १०८ वॉट, १२ व्होल्टवर ९ अँपिअर. सात मीटर जायला आणि सात यायला, १४ मीटर. एक एमएमच्या तांब्याचा रोध एवढ्या लांबीला पाव ओहमच्या आसपास येतो. म्हणजे सव्वादोन व्होल्ट वायरीतच गेले. बॅटरीला १२.५ असतील तर दिव्यापाशी सव्वादहा. त्यातून या दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचा करंट सांभाळणारी आतली सर्किटं, व्होल्टेज पडलं की तेवढाच उजेड द्यायला जास्त करंट ओढतात, मग वायरीत आणखी घट. तुम्ही ४ एमएमची मल्टिस्ट्रँड वायर टाका, ६ ची मिळाली तर उत्तम. टिनचा मुलामा असलेली मिळाली तर तीच घ्या, ओलाव्याने तांबं काळं पडत नाही.

अन्नपूर्णा_रोड
एवढा खटाटोप कशाला? घरचा इन्व्हर्टर बोटीत ठेवा आणि कारंज्याचे २३० व्होल्टचे दिवे लावा. बारीक वायर पुरते, उजेडही भरपूर. आमच्या कॉलनीच्या कारंज्यात तीन वर्षं चालू आहेत.

फिटर_देवास
हे कृपया कुणीही करू नका. कारंज्यात कुणी उतरत नाही. बोटीशेजारी पोरं पाण्यात हात घालतील, एखादा उतरेलही. गोड्या पाण्यात तर धोका समुद्रापेक्षा जास्त, कारण गोडं पाणी वीज कमी वाहून नेतं आणि माणसाचं शरीर त्यापेक्षा जास्त. करंट मग माणसातूनच वाट काढतो. स्नायू आखडतात, पोहता येत नाही, आणि बाकीच्यांना वाटतं दम लागून बुडाला. वाचवायला उडी मारणाराही त्यातच सापडतो.

अन्नपूर्णा_रोड
ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावली की काही होत नाही. घाबरवू नका लोकांना.

फिटर_देवास
साध्या घरगुती इन्व्हर्टरला अर्थिंग-न्यूट्रल धड जोडलेलं नसलं तर ती ईएलसीबी पडेलच याची खात्री नाही. मी ३० वर्षं पंपांचं काम करतोय. पाण्यात माणूस असेल तिथे १२ व्होल्टच.

सावरपाडी_मावशी
कोजागिरीला दिवे कशाला रे? पूर्ण चंद्र असतो. आमच्या लहानपणी बिलावली तलावाच्या पाळीवर सतरंजी टाकून बसायचो, एक कंदील नसायचा. दुधात चांदणं पडलं पाहिजे. आणि दिवे लावले की किडे येतात, ते सगळे दुधात. पातेलं झाकून ठेवलं तर मग कोजागिरी कसली?

रामबाग_इंदूर
मावशी, चांदणं असेलच. पण आईला आता संध्याकाळनंतर नीट दिसत नाही. पाणी तळातून उजळलेलं तिला दिसावं एवढीच इच्छा आहे. दिवे दहा मिनिटंच लावणार, मग बंद.

सावरपाडी_मावशी
मग लाव बाबा. मी काही बोलत नाही.

सयाजीगंज
मी बडोद्याचा. प्रश्न दिव्यांचा आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. बोटीत किती जण बसणार? १८ जानेवारी २०२४ ला आमच्या हरणीच्या तलावात सहलीच्या मुलांची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि कितीतरी मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. तेव्हापासून बोट म्हटली की मी आधी हेच विचारतो. १६ फुटी बोट, भावंडं, मुलं, वर बॅटऱ्या. आकडा सांगा.

रामबाग_इंदूर
क्षमता आठची आहे, एका खेपेला सहाच बसवणार. जॅकेटं दहा आहेत. आईच्या मापाचं वेगळं आणलंय. आता दिव्यांचं बोलूया का?

जलविहार
पेट्रोलची मोटर आहे का? एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०२३ मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावातल्या क्रूझ आणि मोटरबोटींवर बंदी घातली, त्या आदेशात नर्मदेचाही उल्लेख होता. परवानगी पाहून घ्या.

रामबाग_इंदूर
मोटर बॅटरीवरची आहे, तिच्या बॅटऱ्या वेगळ्या. तिथे कुणाला विचारायचं ते विचारलंय. वायर बदलतो. पण एक समजावून सांगा, वायर बारीक असेल तर दिवे पहिल्या सेकंदापासून मंद हवेत. हे पाच मिनिटं पूर्ण उजेड देतात आणि मग पडतात.

यशवंतसागर_काठ
सगळा धागा वाचला. एक गोष्ट कुणीच विचारली नाही. बोट आत्ता कुठे आहे? चाचणी कुठे घेतलीत?

रामबाग_इंदूर
कुठे म्हणजे? घरी, अंगणात, ट्रेलरवर. पाण्यात कोजागिरीलाच उतरेल.

यशवंतसागर_काठ
सापडलं. हे दिवे पाण्यात बुडलेले असतील असं धरूनच बनवतात. त्यांची उष्णता भोवतालचं पाणी काढून नेतं. हवेत पाच मिनिटांत बॉडी तापते, आतलं तापमान-संरक्षण उजेड कमी करतं, मग बंद. गार झाले की पुन्हा चालू. तुमची लक्षणं शब्दशः हीच आहेत. हवेत पेटवायचे ते फक्त काही सेकंद, एवढंच बघायला की पेटतात. आणखी काही वेळा असंच चालवलंत तर आतलं सील आणि एलईडी दोन्ही कायमचे जातील. एक दिवा काढा, बादलीत पूर्ण बुडवा आणि अर्धा तास चालवून पाहा.

फिटर_देवास
मान्य, हे मला सुचलं नाही. पण वायर बदलायचीच. नुसती बादली पाहून थांबू नका, चारही दिवे लागलेले असताना दिव्यापाशी मीटर लावा.

रामबाग_इंदूर
बादलीत ४० मिनिटं चालला, तसूभर मंद झाला नाही! आणि फिटरकाका, चारही लावून मीटर पाहिला: बॅटरीला १२.४, दिव्यापाशी १०.१. तुमचा हिशोबही बरोबर निघाला. आता बॅटरीच मागे आणून ठेवली तर? वायर दोन मीटरच लागेल.

फिटर_देवास
विजेच्या दृष्टीने चालेल. पण मोटर मागे, तिच्या बॅटऱ्या मागे, आणि तुमची ही बॅटरी पण मागे. बोटीचा मागचा भाग बसेल, फळीवरून पाणी आत येईल. पुढेच राहू दे, वायर जाड घ्या. कारच्या बॅटरीऐवजी ई-रिक्षाची घेतलीत तर रोज अर्धी रिकामी केली तरी टिकते. तुमच्या एका रात्रीला मात्र ६० एएच पुरेल, तास-दोन तास लावले तरी.

यशवंतसागर_काठ
दिवे फळीवर कसे बसवलेत? स्क्रू पाण्याच्या रेषेखाली आहेत ना? कशाने बंद केलेत?

रामबाग_इंदूर
सियागंजातून सिलिकॉन आणलं होतं. बाथरूमला लावतात ते, सिरक्यासारखा वास येतो.

यशवंतसागर_काठ
ते काढा. पाण्याखाली ते फायबरला धरून राहत नाही. मागच्या फळीत बहुधा प्लायवूडचा गाभा असतो, स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपलं की तो आतून कुजतो आणि बाहेरून दोन वर्षं कळत नाही. भोकं थोडी मोठी करा, एपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातच नवीन भोक पाडा, मग बोटीसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट. सिकाफ्लेक्स २९१ चालेल. थ्री-एमचं ५२०० इथे नको, उद्या दिवा बदलायचा झाला तर फायबरचा थर घेऊन निघेल. सुकायला काही दिवस लागतात, म्हणून वायरच्या आधी हे. दिव्यांच्या वायरींना फळीत भोक पाडू नका, वरच्या कडेवरून आत घ्या. आणि बोट चालत असताना दिवे बंद. रात्री बोटीचा उजवा दिवा हिरवा असतो, समोरच्याला दिशा चुकू शकते. थांबलात की लावा.

मिरकरवाडा
गोड्या पाण्यात जस्त नाही, मॅग्नेशियमचा ठोकळा चालतो. पण फायबरची बोट एका रात्रीपुरती उतरणार असेल तर त्याचीही गरज नाही. माझं आधीचं उत्तर सोडून द्या.

रामबाग_इंदूर (आठ दिवसांनी)
एपॉक्सी झालं, सीलंट सुकलं, ४ एमएम टाकली. चारही दिव्यांखाली पाण्याचे टब ठेवून पाऊण तास चालवले, दिव्यापाशी ११.८. फोटो टाकलाय. शनिवारी सकाळी निघतोय.

फिटर_देवास
जोड छान. फोटोत फ्यूज स्विचपाशी दिसतोय. तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा, १५ अँपिअरचा. मध्ये कुठे वायर घासली तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा जळत राहील.

रामबाग_इंदूर
आत्ताच हलवला.